पोळ्यापर्यंत हसायची बंदी

खुशालरावांच्या कपाशीतली हिरवी पट्टी सगळ्यात आधी दिसली ती एसटीच्या कंडक्टरला. बोरखेडीच्या फाट्यावर गाडी थांबते, तिथूनच त्यांचं वावर सुरू होतं आणि उतरत उतरत थेट नाल्याला भिडतं. कंडक्टरनं दारातून मान बाहेर काढली, वावराकडे पाहिलं आणि फाट्यावर उभ्या खुशालरावांना मोठ्या आपुलकीनं विचारलं, "भाऊ, औंदा पऱ्हाटीत गवत पेरलं काय? बियानं कोन्या कंपनीचं हाये?"

अख्खी गाडी हसत हसत नांदगाव खंडेश्वरला गेली. खुशालराव तापत तापत गावात आले आणि निंदणाऱ्या नऊ बाया जिथं सापडल्या तिथून त्यांनी वावराच्या बांधावर, धुऱ्यावर आणून उभ्या केल्या.

वावर खरंच पाहण्यासारखं झालं होतं. दहा दिवसांपूर्वी या नऊ जणींनीच ते निंदून दिलं होतं. मधे चार दिवस झड लागली, मग दोन दिवस चटक्याचं ऊन पडलं. काळ्या जमिनीत आठ पाती, म्हणजे एकेकीनं निंदलेल्या पट्ट्या, सारवलेल्या ओट्यासारख्या स्वच्छ होत्या. आणि त्यांच्यामधून, फाट्यापासून नजर पोचेल तिथवर, एक पात पोपटासारखी हिरवीगार गेली होती. तिच्यात कुंदा गुडघाभर वाढून वाऱ्यावर डोलत होता.

"मोजा, सुंदराबाई," खुशालराव म्हणाले. "धुऱ्यापासून मोजा. मोठ्यानं."

टोळीची मुकादम सुंदराबाई मोजू लागली. "एक... दोन... तीन..." तिसरी पात तिची स्वतःची होती, तिथं तिचा आवाज जरा बसला. "चार."

चौथी पात आपली, हे वच्छलाला मोजायच्या आधीच माहीत होतं. पण मोजणी चालू असेपर्यंत माणसाला उगाच आशा असते. टोळीत जागा ठरलेल्या असतात. धुऱ्याकडून पहिली पार्बताबाई, ती सगळ्यात म्हातारी म्हणून. तिसरी सुंदराबाई, चौथी वच्छला, पाचवी आबेदा. वच्छला मधे, कारण टोळीत गोष्टी सांगणारी ती एकटीच, आणि मधे बसलं की दोन्हीकडे ऐकू जातं.

कुंद्याची मुळी कोपरभर खोल असते. इळ्याच्या टोकानं उकरून, ओढून, कधी दोन शिव्या देऊन ती काढावी लागते. वरून कापला तर त्या दिवशी वावर न्हालेल्या लेकरासारखं दिसतं आणि आठ दिवसांनी कुंदा दुप्पट होऊन परत येतो. हे बोरखेडीतल्या शेळ्यांनाही माहीत आहे.

"वयनी, हा कुंदा म्या लावला काय?" खुशालरावांनी विचारलं.

"नाई भाऊ. आता खोटं कायले बोलू. म्या वरून कापला."

"काहून?"

"घाईत होती."

"घाईत! कोनाचं लगन लागून राहिलं होतं वावरात?"

सुंदराबाई पुढे झाली. "भाऊ, आमी आत्ता उपटून देतो. मजुरी नोका देऊ."

"हात लावाचा नाई!" खुशालराव गरजले. "राहू द्या तसाच. येनारा-जानारा पाहीन का बोरखेडीच्या बाया कशा निंदतात ते. मी नांदगावहून गवत माराच्या फवाऱ्याचा डबा आनतो. एक मानूस, एक पंप. त्याले ना सावली लागत, ना पानी लागत, ना गोष्टी लागत."

एवढं बोलून ते गुडघ्यांवर हात ठेवत, कण्हत निघून गेले. खुशालरावांचे गुडघे गावात प्रसिद्ध होते. नाल्याच्या उतारापर्यंत ते वर्षातून एकदाच जात, दिवाळीला, आणि तेही मुलगा पियुष मोटारसायकलवर बसवून नेई तेव्हा.

बाया फाट्यावरच्या कडुनिंबाखाली बसल्या. डब्याची गोष्ट गमतीची नव्हती. शेजारच्या दोन गावांत डबे आले होते आणि तिथल्या बाया आता कामासाठी ऑटोत कोंबून कुठं कुठं जात होत्या. बोरखेडीत एका वावरात डबा आला की दुसऱ्यात यायला किती दिवस लागतात!

"पन घाई काहाची होती व तुले?" आबेदानं विचारलं. "आमी कोनी पयत होतो काय?"

वच्छलानं खरं ते सांगितलं. "कुंदा खोदत बसली असती तं मांगं राहिली असती. मांगं राहिली असती तं गोष्ट कोनाले आयकू गेली असती? म्हैस जिन्यात, आन् मी दहा हात मांगं!"

त्या दिवशी तिनं मामेसासरे बुधाजींच्या म्हशीची गोष्ट सांगितली होती. बाया इतक्या हसल्या होत्या, की रस्त्यानं जाणाऱ्या एका बैलगाडीवाल्यानं गाडी थांबवून कोणाला साप-बीप चावला का म्हणून चौकशी केली होती.

"काढाचं काय तिले?" कोणीतरी हळूच म्हणालं.

सुंदराबाईनं बराच वेळ जमिनीवर काडीनं रेघा ओढल्या. मुकादम म्हणून तिला वीस वर्षं झाली होती. तिनं माणसं काढली नव्हती आणि खोटं कामही खपवलं नव्हतं. निदान सगळ्यांचा तसा समज होता.

"काढली तं खाईन काय?" ती म्हणाली. "तिचं काम तोडाचं नाई. पानी द्याचं, भाकर द्याची, बोलाचं, सारं कराचं. पन ज्याच्यापाई हे झालं ते बंद. पोया फुटेपर्यंत हिच्या गोष्टीले कोनी हसाचं नाई."

"कोनीच?" पार्बताबाई घाबरली. "मले कसं जमीन व? हसू अडवाले माह्या तोंडात दातच नाईत."

"पदर कोंब."

वच्छलाला मनातून बरंच वाटलं. पोळ्याला सतरा दिवस होते. हसायचं नाही म्हणे! या आबेदेला शेळी शिंकली तरी हसू येतं. दुपारपर्यंत मोडेल बंदी, असा हिशेब करून तिनं आनंदानं शिक्षा मान्य केली.

दुसऱ्या दिवशी गावाच्या दुसऱ्या टोकाला सोयाबीन निंदताना तिनं सुरुवात साध्या मालानं केली. खुशालराव खाटेवरून कसे उठतात ते तिनं करून दाखवलं. आधी एक गुडघा आवाज देतो, मग दुसरा त्याला उत्तर देतो, मग खाट बोलते. एरवी यावर हमखास दोघी चिखलात आडव्या व्हायच्या. आता आठ पदर आठ तोंडांत गेले. आबेदाचे खांदे गदगदले, पार्बताबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. सुंदराबाई तेवढी लग्नात रुसून बसलेल्या मामासारखं तोंड करून निंदत राहिली.

"भाजी कोनती आनली आज?" तिनं विचारलं. इतकं कोरडं, की वच्छलाला पुढचं सुचेना.

तीन दिवस असंच चाललं. या तीन दिवसांत वच्छलानं सरपंच केला, तलाठी केला, तलाठ्याला चहा पाजणारा सरपंच केला, स्वतःची सासू केली. दाबलेलं हसू तिला ऐकू यायचं, त्यावर तिची संध्याकाळ निघायची. खरी आफत चौथ्या दिवसापासून सुरू झाली. बायांना सवय झाली. पदर जागच्या जागी राहू लागले. तिनं काही सांगितलं की त्या लक्ष देऊन ऐकायच्या आणि "हाव माय" म्हणून पुढचा कुंदा धरायच्या. कीर्तन ऐकतात तशा.

घरी नवरा होता, शालिकराम. स्वभावानं देव माणूस. वीस वर्षांच्या संसारात तो एकदाही हसला नव्हता, पण ऐकायला त्यानं कधी नकार दिला नव्हता. वच्छलानं चुलीपुढे बसून त्याच्यावर सगळा माल वापरून पाहिला. प्रत्येक गोष्ट संपली की तो घास थांबवून मोठ्या उत्सुकतेनं विचारी, "मंग?"

"मंग काही नाई. संपली."

"असं," शालिकराम म्हणे आणि भाकरी मोडी.

शेळीनं निदान कान तरी हलवले.

ते दिवस शेतकऱ्यांसाठीच्या सरकारी पॅकेजचे होते. आमच्या भागात तेव्हा पिकापेक्षा पाहणी करणारे जास्त उगवत. जीप यायची, फारम भरला जायचा, जीप जायची. बंदीच्या अकराव्या दिवशी अशीच एक जीप धुऱ्याला लागली आणि तिच्यातून चष्मा लावलेली एक तरुण बाई उतरली. पुण्याकडची होती. बोलायला फार गोड. तिच्या पाहणीचा विषय होता शेतमजूर बायांच्या मनावरचा ताण.

बाया शिदोरी सोडून बसल्या होत्या. तिनं झोप विचारली, भूक विचारली, डोकं दुखतं का विचारलं. मग पान उलटून म्हणाली, "गेल्या आठ दिवसांत तुम्ही मनापासून हसलात का?"

सगळ्यांनी सुंदराबाईकडे पाहिलं.

"नाई," सुंदराबाई म्हणाली.

"एकदाही नाही?"

"मनाई हाये जी."

बाईचा पेन थांबला. "मनाई? कोणाची?"

"माही."

"हसू येते जी," आबेदानं समजावून सांगितलं. "नाई असं नाई. पन आलं का तोंडात पदर कोंबा लागते. पयले पयले लय तरास झाला. आता सवय झाली, अल्ला के करम से."

पाहणीवाल्या बाईचे डोळे भरून आले. तिनं चष्मा काढून पुसला. "असं किती दिवस चालणार?"

"पोयापर्यंत," पार्बताबाई म्हणाली. "पोया झाला का मंग हसू. जगली वाचली तं."

बाईनं हे शब्दशः लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. ती त्या रेघा ओढत असताना वच्छलाला आतून अशी काही उकळी फुटत होती, की एका वाक्यात तिनं अख्खी टोळी लोळवली असती. पण तेवढ्यात बाई तिच्याकडे वळली. "आणि ताई, तुम्ही? तुम्ही शेवटचं कधी हसलात?"

"मी हसत नाई बाई," वच्छला म्हणाली. "मी हसवतो. आमच्यात तसंच वाटून दिलं हाये."

"बरं. मग शेवटचं कधी हसवलंत?"

उत्तर फाट्यावरच्या वावरात उभं होतं, गुडघाभर. वच्छलानं हातातली भाकर पुन्हा फडक्यात बांधली.

जीप गेल्यावर तिनं सुंदराबाईला गाठलं. "मले एखांदा खाडा कर बाई, मजुरी काप, लाथ मार. पन हे नोको."

"मजुरी कापली तं तू चार दिवसांत इसरशीन," सुंदराबाई तिच्याकडे न पाहता म्हणाली. "हे नाई इसरनार."

"मी पट्टी साफ केली तं?"

"खुशालभाऊ हात लावू देत नाई."

"तो बाजाराले जाते."

सुंदराबाई पुन्हा निंदायला बसली. पण नको म्हणाली नाही.

बाजाराच्या दिवशी सगळं गाव नांदगावला जातं. सकाळची गाडी भरून गेली तशी वच्छला टिकास खांद्यावर टाकून खुशालरावांच्या वावरात शिरली. नवऱ्याचा जुना सदरा लुगड्यावर चढवलेला, डोक्याला फडकं. कुंदा आता जुना झाला होता. टिकासाचा घाव घातला की काळी माती तोंड उघडायची आणि कुंद्याचं मूळ बोटाएवढं जाड दिसायचं. ओढता ओढता ती दोनदा पाठीवर पडली. पहिल्यांदा पडली तेव्हा तिनं सवयीनं इकडंतिकडं पाहिलं, कोणी पाहिलं का म्हणून. कोणीच नव्हतं. एवढं छान पडणं वाया गेलं.

तुरीच्या ओळी ओलांडून ती नाल्याच्या उतारावर पोचली तेव्हा उन्हं कलली होती. शेवटचा वीस हातांचा तुकडा राहिला होता. घाम पुसायला ती उभी राहिली, डावीकडे पाहिलं आणि तशीच उभी राहिली.

सुंदराबाईची पात हिरवी होती.

सगळी नाही. तुरीपर्यंत लखलखीत, आणि तुरीच्या आडोशाला, उतारावर, जिथं फाट्यावरून कोणाची नजर पोचत नाही, तिथं वीस हात कुंदा. वरून कापलेला, परत फुटलेला. वच्छलानं उजवीकडे पाहिलं. आबेदाची पात हिरवी. तिच्या पलीकडची हिरवी. पार वाकून पाहिलं, पहिल्या पातीवर पार्बताबाईचा कुंदासुद्धा छान माजला होता. नऊच्या नऊ पाती एका सरळ रेघेत हिरव्या झाल्या होत्या, जणू त्या जागी कोणी दोरी लावून ठरवलं होतं.

ती मटकन खाली बसली आणि आठवू लागली. निंबापाशी गोष्ट सुरू झाली. बुधाजीमामाला सरकारी योजनेची म्हैस मिळाली होती. मधल्या दगडापाशी मामा नांदगावात पोचला. तुरीपाशी म्हैस जिन्यात. आणि इथं, या उतारावर...

इथं म्हैस खाली उतरली होती. शेवट ऐकायचा म्हणून कोणालाच मागं राहायचं नव्हतं. नऊ इळे एकदम वरून फिरले होते.

वच्छलाला आधी राग आला. अकरा दिवस आठवले, "हाव माय" आठवलं, सुंदराबाईचं रुसलेल्या मामासारखं तोंड आठवलं. मग तिनं त्या हिरव्या रेघेकडं पुन्हा पाहिलं आणि तिची छाती फुगली. बोरखेडीत कीर्तनकार येऊन गेले, पुढारी येऊन गेले. कोणाच्या बोलण्यानं जमिनीवर एवढी ठळक खूण उमटली नव्हती.

"कोन हाये तथी?"

वरून आवाज आला. खुशालराव बाजारातून संध्याकाळच्या गाडीनं परतले होते. पट्टी गायब झालेली पाहून ते वावरात उतरले होते आणि गुडघ्यांची पर्वा न करता तुरीकडे येत होते.

वच्छलानं टिकास उचललं आणि धावत त्यांच्या आडवी गेली. "मी होय भाऊ, वच्छला."

"तू? काय करून राहिली?"

"पट्टी साफ करून राहिली. हे पाहा, मुयासगट."

"पैशे कोन देनार?"

"कोनी नाई."

खुशालरावांचे डोळे बारीक झाले. त्या वर्षांत फुकट मिळालेल्या वस्तूनं त्यांना फार वेळा ठकवलं होतं. "फुकट? खरं सांग वयनी, काय चोरून राहिली? तूर तं हिरवी हाये अजून. थांब, आलोच हावो तं नाल्यापर्यंत पाहूनच येतो."

ते एक पाऊल पुढं आले. अजून दहा पावलं, आणि नऊ पातींचा निकाल लागला असता, टोळीचं नाव, डबा, सगळं. वच्छलाला एक क्षण वाटलं, येऊ द्यावं. पाहू द्यावं. मग बघू कोण कोणाला हसत नाही ते.

"भाऊ," ती म्हणाली, "तुमचं नाव लागलं ना योजनेच्या म्हशीत?"

खुशालराव थांबले. "लागलं. काहून?"

"फारमाले फोटो लागते. लाभार्थी आन् जनावर, दोघं संगं. काढला काय?"

"नाई काढला."

"मंग आमच्या बुधाजीमामानं काढला तसा नोका काढू, बाप्पा."

"काय केलं त्यानं?"

"बसा, सांगतो. धुऱ्यावर बसा, गुडघे दुखन."

खुशालराव बसले. नाल्याकडे त्यांची पाठ झाली.

"मामाले कोनी सांगतलंच नाई का फोटोवाला घरी येते. मामानं म्हैस धुतली, शिंगं रंगवली, आन् पायी पायी नांदगावात आनली. आता आबेदाच्या मावसभावाचं, मोईजचं, फोटोचं दुकान. ते माडीवर."

"माडीवर?"

"अठरा पायऱ्या, भाऊ. अरुंद जिना. मामा म्हैस घेऊन जिन्यात. खालून दोघं लोटून राहिले, वरून मामा ओढून राहिला. मोईज गिऱ्हाईकाचा फोटो काढून राहिला होता, नवरा-नवरी बसले होते. त्यानं म्हनलं, जरा मान वर करा, हसा. नवरी हसली, आन् तिच्या मांगून म्हशीनं तोंड घातलं."

खुशालरावांच्या पोटातून एक आवाज आला. गुडघ्यांचा नव्हता.

"फोटो निंघाला. लाभार्थी, जनावर, आन् मांगं मोईजचा तो काश्मीरचा पडदा, हिरवं गवत, झरा, बरफाचे डोंगर. मामा म्हने, चाल व आता घरी. म्हैस जिन्यापाशी आली, खाली पाहिलं, आन् बसली. वर चढते, भाऊ, पन म्हैस जिना उतरत नाई. ओढलं, लोटलं, शेपूट पियलं. हालत नाई. खाली रस्त्यावर अर्धं नांदगाव गोया झालं."

"मंग?" खुशालराव म्हणाले. शालिकराम म्हणतो तसंच, पण केवढा फरक!

"मंग मोईज म्हने, मामा, म्हैस अथीच राहिली तं मी फोटो कोनाचे काढू? मामा म्हने, हिचेच काढ." वच्छला उठली आणि लुगडं झटकू लागली. "दिवस बुडून राहिला, भाऊ. मी जातो. भाकरी टाकाच्या हायेत."

"अवो वयनी! पन ते उतरली कशी?"

"ते लंबी गोष्ट हाये. निंदता निंदता सांगाची."

अंधारून आलं होतं. आता खुशालराव नाल्यापर्यंत गेले असते तरी त्यांना कुंदा आणि पऱ्हाटी वेगळी दिसली नसती. ते गेलेही नाहीत. म्हशीचा विचार करत, जिना चढावा तसे एकेक पाऊल टाकत फाट्याकडे चढले.

सकाळी बाया निंबाखाली जमल्या तेव्हा खुशालराव आधीच तिथं उभे होते.

"सुंदराबाई, आज माह्या वावरात लागा."

"अन् डबा?"

"पंपाचं वायसर गेलं," खुशालराव दुसरीकडे पाहत म्हणाले. मग घसा साफ करून हळूच विचारलं, "ते बुधाजीची म्हैस... खाली कशी उतरली, मालूम हाये काय तुमाले?"

आठ पदर हलले. सुंदराबाईनं वच्छलाकडे पाहिलं, बऱ्याच दिवसांनी नीट पाहिलं. "आमाले काय मालूम, भाऊ," ती म्हणाली. "ते तिलेच इचारा लागीन."

खुशालराव गेल्यावर वच्छला म्हणाली, "आज खालून लागू. नाल्याकडून."

"काहून?" सुंदराबाईचा आवाज परत बसला.

"चाल तं खरी."

तुरीच्या ओळी ओलांडल्या आणि नऊ जणी उभ्या राहिल्या. चौथी पात तेवढी काळीभोर, खोदलेली, अगदी नाल्याच्या काठापर्यंत. शेवटचा तुकडा वच्छलानं पहाटेच उजाडल्या उजाडल्या येऊन संपवला होता. त्या पातीच्या दोन्ही अंगांना हिरवं. बायांनी आपापल्या पाती ओळखल्या. कोणी धुऱ्याकडून मोजल्या नाहीत.

"अथी कसं काय व झालं?" आबेदानं अगदी बारीक आवाजात विचारलं.

"अथीच म्हैस उतरली होती," वच्छला म्हणाली.

पहिली पार्बताबाई गेली. अडवायला दात नव्हते आणि पदर तोंडापर्यंत पोचायला उशीर झाला. तिच्यामागून आबेदा, मग बाकीच्या. सुंदराबाई तेवढी उभी होती, तोंड घट्ट मिटून, आणि तिचे डोळे तिच्याच पातीवर होते. त्या वीस हातांत तीच पात सगळ्यात हिरवी होती. मग मुकादमबाईच्या घशातून शिट्टीसारखं काहीतरी निघालं आणि ती चिखलात बसकण मारून हसली, अकरा-बारा दिवसांचं एकदम.

"पोयाले अजून पाच दिवस हायेत, मुकादमबाई," वच्छलानं आठवण करून दिली. "आता कोनाकोनावर बंदी घालाची?"

सुंदराबाईनं डोळे पुसले. "मोजत होती ना मी त्या दिवशी," ती म्हणाली. "तीन म्हनताना मले वाटलं, समजते आता साऱ्याईले." मग तिनं विचारलं, "तुले मालूम होतं काल. त्याले दाखवलं काहून नाई?"

"त्याले दाखवलं असतं तं तुमी हसल्या नसत्या."

सुंदराबाईनं टिकास मागितलं. वच्छलानं दिलं. न्याहारीच्या वेळेपर्यंत आठ पातींचा कुंदा मुळ्यांसकट नाल्यात गेला आणि त्याच दिवशी टोळीचा नवा कायदा झाला. पातीवर फक्त हात चालतील. गोष्ट जेवताना.

त्याचा एक परिणाम असा झाला, की खुशालराव रोज दुपारी शिदोरीच्या वेळेला वावरात येऊ लागले. वच्छला रोज भाकरीएवढीच गोष्ट सांगे. एके दिवशी म्हशीला माडीवर चहा पाजला. एके दिवशी पोलीस आला आणि त्यानंही म्हशीसोबत फोटो काढून घेतला. पोळा फुटला, गणपती बसले आणि उठले, खुशालरावांचं निंदण झालं, मग त्यांच्या भावाचं आलं, मग मेव्हण्याचं. मेव्हणा डबा आणणार होता, खुशालरावांनी त्याला समजावलं. पंपाचं वायसर तालुक्यात कुठंच मिळत नव्हतं.

शेवटच्या निंदणाच्या शेवटच्या दुपारी वच्छलानं म्हैस उतरवली.

"मोईजच्या डोक्यात आलं," ती म्हणाली. "त्यानं तो काश्मीरचा पडदा काढला. हिरवं गवत म्हशीच्या नाकापुढं धरलं, आन् मांगं मांगं एकेक पायरी उतरला. म्हशीनं मान लांबवली, एक पाय खाली टाकला. मोईज एक पायरी, म्हैस एक पायरी. गवत काही तोंडात येत नाई, आन् म्हैस काही थांबत नाई. अठरा पायऱ्या उतरली, भाऊ, तशीच गोठ्यापर्यंत गेली."

खुशालराव इतके हसले, की त्यांचे दोन्ही गुडघे एकदम बोलले. डोळे पुसत ते म्हणाले, "एवढी मोठी म्हैस, आन् चितारलेल्या गवताच्या मांगं मांगं चालत गेली! काय येडं जनावर हाये!"

नऊ जणींनी नऊ पदर तोंडात कोंबले. बंदी उठून महिना झाला होता, पण सवय कामी आली.